लॉगरचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) प्रोग्राममध्ये पक्का लिहिला होता, तीन आठवडे चेंबर १ चं तापमान चेंबर २ च्या नावावर गेलं

रबाळे_चेंबर | शनिवार, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. मी रबाळ्याला एका टेस्टिंग लॅबमध्ये आहे. औषधांच्या नमुन्यांची स्थिरता तपासायला आमच्याकडे दोन मोठे चेंबर आहेत. दोन्ही ४० अंश सेल्सिअस आणि ७५ टक्के आर्द्रतेवर लावलेले. प्रत्येकाला एक डेटा लॉगर (तापमान-आर्द्रता मोजून सांगणारं यंत्र), दोन्ही एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे. लॅन केबलने राउटरला जोडलेले. कॉम्प्युटरवरचा प्रोग्राम दर मिनिटाला दोघांना विचारतो आणि फाईलमध्ये लिहितो.

हा प्रोग्राम काही वर्षांपूर्वी बाहेरून एकाकडून लिहून घेतला होता. त्यात चेंबर १ म्हणजे १९२.१६८.१.१०१ आणि चेंबर २ म्हणजे १९२.१६८.१.१०२ असं सरळ लिहिलेलं आहे. त्या दिवशी लॉगरच्या पडद्यावर जे आकडे दिसले तेच त्यांनी टाईप केले असणार, कारण लॉगर दोन्ही पत्त्यासाठी ऑटोवरच आहेत.

तीन आठवड्यांपूर्वी एका शुक्रवारी यूपीएसच्या बॅटऱ्या बदलल्या. चेंबर जनरेटरवर चालू राहिले, पण लॉगर, राउटर आणि पीसी तासभर बंद होते. परत चालू केल्यावर सगळं व्यवस्थित दिसलं. हिरवा दिवा, आकडे येतायत, ४०.१, ३९.९. कोणाला शंका येण्याचं कारणच नव्हतं.

परवा मी नमुने काढायला चेंबर २ चं दार उघडलं. बाहेर येऊन स्क्रीन पाहिली तर चेंबर १ चा आलेख खाली गेलेला. पोटात गोळाच आला. मग दाराचं रजिस्टर काढलं. आमच्याकडे प्रत्येक वेळी दार उघडल्याची वेळ लिहितात. त्या शुक्रवारपासून प्रत्येक नोंद उलट्या चेंबरच्या आलेखाशी जुळते. त्याआधीच्या सगळ्या सुलट.

साहेबांना त्याच संध्याकाळी सांगितलं. ग्राहकांना कळवायचं पत्र सोमवारी जातंय. दोन्ही चेंबर पूर्ण काळ मर्यादेत होते हे नशीब, नमुने वाया गेले नाहीत. पण तीन आठवड्यांच्या नोंदी चुकीच्या नावाने आहेत आणि ही गोष्ट मला झोपू देत नाही. लॉगर बंद पडला असता तर दहा मिनिटांत कळलं असतं. तो बंद नव्हता. तो बरोबर उत्तर देत होता, फक्त आपण ज्याला विचारतोय तो वेगळाच होता.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, पत्ते असे अदलाबदल होतात कसे? दोन, प्रोग्राम नव्याने लिहायचा तर पत्ता कुठे ठेवायचा? त्याचा सोर्स (मूळ कोड) आमच्याकडे आहे, पायथॉनमध्ये आहे, मला थोडंफार जमतं.

महापे_स्विच | शनिवार, रात्री ११:०५

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो, नेटवर्क हेच माझं काम.

ऑटो म्हणजे डीएचसीपी. यंत्र चालू झालं की ओरडून विचारतं, मला कोणी पत्ता देतं का. राउटर एक पत्ता काढून देतो, पण ठरावीक मुदतीसाठी, भाडेकरारासारखा. अर्धी मुदत झाली की यंत्र तोच करार वाढवून मागतं. म्हणून एकदा चालू झालेलं यंत्र महिनोन्‌महिने त्याच पत्त्यावर दिसतं आणि बघणाऱ्याला वाटतं हा पत्ता त्याचाच आहे.

चांगला सर्व्हर कोणाला काय दिलं होतं याची वही डिस्कवर ठेवतो. घरगुती वापराचे बरेच राउटर ही वही फक्त मेमरीत ठेवतात. वीज गेली की वही कोरी. त्यातले काही पत्तेही सरळ क्रमाने वाटतात, पहिला आला त्याला १०१, दुसऱ्याला १०२. यंत्र आपला जुना पत्ता मागून बघतं खरं, पण तो त्याच्या स्वतःच्या लक्षात असेल तर. तासभर बंद राहून आलेल्या लॉगरला तो आठवतोच असं नाही. त्या शुक्रवारी तुमच्याकडे चेंबर २ च्या लॉगरचं बटण आधी दाबलं गेलं असणार. एवढंच.

ऑफिसचा मोबाईल त्याच राउटरच्या वायफायवर सगळ्यांच्या आधी आला असता तर १०१ त्याला गेला असता आणि प्रोग्रामला उत्तरच मिळालं नसतं. तुमच्या बाबतीत तेच बरं झालं असतं.

आत्ता रात्रीच्या रात्री करता येईल ते: राउटरच्या सेटिंगमध्ये पत्ता आरक्षित करायची सोय असते. लॉगरच्या मागच्या स्टिकरवर मॅक पत्ता छापलेला असेल, बारा अक्षर-आकड्यांचा. तो मॅक आणि हवा तो आयपी यांची जोडी लावून द्या. मग कोणतंही बटण आधी दाबा, पत्ता तोच मिळेल.

पॅनेलवाला | रविवार, सकाळी ८:१५

एवढं कशाला? लॉगरच्या मेनूत ऑटो बंद करा, स्थिर आयपी टाका, विषय संपला. मी तळोज्याला आणि टीटीसी औद्योगिक पट्ट्यात वीस वर्षं पीएलसी (कारखान्यातली यंत्रं चालवणारे कंट्रोलर) लावतोय. प्लांटवर एकही यंत्र ऑटोवर नसतं. सगळ्यांचे पत्ते एका कागदावर, कागद पॅनेलच्या दाराच्या आत चिकटवलेला. कोणी म्हणेल पत्त्याऐवजी नाव वापरा, पण बऱ्याच पीएलसीला आणि मॉडबस (कारखान्यातल्या यंत्रांची बोलायची एक पद्धत) मीटरला नाव समजतच नाही, आकडाच द्यावा लागतो. आणि नाव सांगणारा सर्व्हर रात्री दोनला बसला तर प्लांट थांबवायचा का?

एकच काळजी: स्थिर पत्ते राउटरच्या ऑटो वाटपाच्या बाहेरचे घ्या. राउटर १०० ते २०० वाटत असेल तर तुम्ही १० ते ५० वापरा. नाहीतर तुम्ही हाताने टाकलेला पत्ता राउटर उद्या कोणाच्या तरी लॅपटॉपला देईल आणि दोघंही अधूनमधून गायब होतील. ही भानगड शोधायला अख्खा दिवस जातो.

खोपट_पॅथलॅब | रविवार, सकाळी ९:४०

आमच्याकडे हेच दुखणं उलट्या बाजूने. ठाण्यात छोटी पॅथॉलॉजी लॅब आहे. आमची रक्त तपासणीची मशीन स्वतःहून कॉम्प्युटरला रिपोर्ट पाठवतात, म्हणजे कॉम्प्युटरचा आयपी मशीनच्या आत लिहिलेला. तो बदलायचा मेनू सर्व्हिस पासवर्डच्या मागे. मागच्या वर्षी पीसी जळला, नवीन आणला, त्याला वेगळा पत्ता मिळाला, आणि चारही मशीन गप्प. सर्व्हिस इंजिनियर येईपर्यंत दोन दिवस आम्ही पडद्यावर बघून हाताने आकडे लिहिले. हिमोग्लोबिन हाताने लिहिताना दशांश चिन्ह सरकलं तर काय होतं ते सांगायला नको.

आता पीसीच्या स्वतःच्या पत्त्याशिवाय त्याच नेटवर्क कार्डावर एक जादा पत्ता टाकलाय, फक्त रिपोर्ट घेण्याच्या कामासाठी. मशीनमध्ये तोच लिहिलाय. उद्या पीसी बदलला तर तो जादा पत्ता नवीन पीसीवर टाकायचा, मशीनला हात लावायचा नाही.

मोजपट्टी | रविवार, दुपारी १:३०

मी कॅलिब्रेशनमध्ये आहे, वागळे इस्टेटला. वरचे तिन्ही सल्ले आपापल्या जागी बरोबर आहेत, पण ताईंचा आजार त्यांनी पुरता बरा होत नाही असं मला मनापासून वाटतं.

समजा तुम्ही पॅनेलवाल्यांचं ऐकून चेंबर १ च्या लॉगरला स्थिर पत्ता दिला. सहा महिन्यांनी तो कॅलिब्रेशनला आमच्यासारख्यांकडे जाईल. त्या आठवड्यात तुम्ही स्टँडबाय लॉगर लावाल, आणि प्रोग्राम चालावा म्हणून कोणीतरी चांगल्या हेतूने त्याला तोच पत्ता टाकेल. प्रोग्राम खूश. रिपोर्टवर मात्र जुन्या लॉगरचा सिरीयल नंबर आणि त्याच्या सर्टिफिकेटचा क्रमांक छापला जाईल. हे ऑडिटमध्ये मी प्रत्यक्ष पाहिलंय. आयएसओ १७०२५ या लॅबसाठीच्या मानकाच्या २०१७ च्या आवृत्तीत ६.४.१३ हे कलम आहे, त्यात प्रत्येक उपकरणाची ओळख, निर्माता, प्रकार, सिरीयल नंबर यांची नोंद ठेवायला सांगितलंय. आयपीचा तिथे उल्लेख नाही, कारण आयपी ही उपकरणाची ओळखच नव्हे. ते आज ज्या खोलीत बसलंय त्या खोलीचा नंबर आहे. खोलीचं दार वाजवलं आणि आतून कोणीतरी ओ दिली, तेवढ्याने आत कोण आहे ते कळत नाही.

तुमचा लॉगर एससीपीआय (मोजमापाच्या उपकरणांना आज्ञा द्यायची ठरलेली भाषा) बोलत असेल, बहुतेक बोलतोच. त्याला *आयडीएन? असा प्रश्न पाठवा. स्वल्पविरामाने तोडलेली चार उत्तरं एका ओळीत येतील: निर्माता, मॉडेल, सिरीयल नंबर, फर्मवेअर (आतल्या सॉफ्टवेअरची आवृत्ती). हा प्रश्न आयईईई ४८८.२ या १९८७ च्या मानकातला आहे, त्या काळी उपकरणं जाड जीपीआयबी केबलने जोडत. केबल गेली, लॅन आली, प्रश्न तोच राहिला.

तर प्रोग्रामने जोडणी झाल्या झाल्या पहिलं काम हे करायचं. तिसरं उत्तर घ्यायचं, चेंबर १ साठी नोंदवलेल्या सिरीयल नंबरशी ताडायचं. जुळलं नाही तर एकही आकडा लिहायचा नाही, लाल करून थांबायचं. तुमच्या त्या शुक्रवारी हे असतं तर पहिल्याच मिनिटाला कळलं असतं.

आणि फाईलच्या प्रत्येक ओळीत सिरीयल नंबर लिहा. वेळ, चेंबर, सिरीयल, तापमान, आर्द्रता. जागा किती जाते? काहीच नाही. दाराच्या रजिस्टरवरून अंदाज बांधायची वेळ परत येणार नाही. ते रजिस्टर कोणीतरी इमानाने भरत होतं म्हणून तुम्ही वाचलात, हे मात्र आवर्जून सांगतो.

रबाळे_चेंबर | रविवार, दुपारी ३:००

ते रजिस्टर आमच्या अटेंडंट काकू भरतात. त्यांना वाचून दाखवलं हे.

मोजपट्टी, खोलीच्या नंबरवरून एकदम लख्ख झालं. पण मग पत्ता कोणालातरी माहीत असायलाच हवा ना? प्रश्न विचारायला जायचं कुठे?

ऐरोली_कोड | रविवार, दुपारी ४:२०

हो, पण तो प्रोग्रामच्या बाहेर एका साध्या मजकुराच्या फाईलमध्ये असावा. स्थिर पत्ता आणि कोडमध्ये गाडलेला पत्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पॅनेलवाले म्हणतात तसा पत्ता स्थिर ठेवा, खुशाल ठेवा. फक्त तो पंधरा ठिकाणी विखरून लिहू नका, आणि तो बदलायला प्रोग्रामर बोलवावा लागू नये.

तुमच्या फाईलमध्ये चेंबर १ च्या पुढे तीन गोष्टी असू द्या: सिरीयल नंबर, नेटवर्कवरचं नाव, आणि शेवटचा माहीत असलेला पत्ता. पुढच्या सगळ्या कोडमध्ये फक्त "चेंबर १" हे शब्द वापरायचे. पायव्हिसा (उपकरणांशी बोलायची पायथॉनची लायब्ररी) वापरत असाल तर ओपन रिसोर्सची, म्हणजे जोडणी उघडायची ओळ अख्ख्या प्रोग्राममध्ये एकदाच यायला हवी, एका फंक्शनच्या आत. तुमच्या सोर्समध्ये १९२ शोधून बघा किती वेळा सापडतं.

नावाबद्दल: लॉगरवर एलएक्सआयची (लॅनवरच्या उपकरणांचं मानक) खूण असेल तर तो बहुधा एमडीएनएस या पद्धतीने स्वतःचं नाव सांगत असेल, शेवटी .लोकल असलेलं. मॉडेल आणि सिरीयल नंबरचा शेवट मिळून ते नाव बनतं असं बऱ्याच उपकरणांत दिसतं. त्यासाठी वेगळा सर्व्हर लागत नाही. आपल्याच नेटवर्कवर २२४.०.०.२५१ या सामूहिक पत्त्यावर, यूडीपी ५३५३ पोर्टवर हाक मारली जाते आणि ज्याचं नाव तो उत्तर देतो. म्हणजे रात्री दोनला बसायला सर्व्हरच नाही.

एक आठवणीने: नावावरून पत्ता प्रत्येक नव्या जोडणीच्या वेळी परत विचारा. सकाळी एकदा विचारून तो व्हेरिएबलमध्ये धरून ठेवला तर जोडणी तुटल्यावर प्रोग्राम जुन्याच पत्त्याचं दार वाजवत बसतो. तेही हार्डकोडच, म्हणजे पक्का लिहिलेला पत्ताच, फक्त एका दिवसापुरता.

महापे_स्विच | रविवार, दुपारी ४:५०

पुस्ती जोडतो. ही हाक राउटर ओलांडत नाही. पीसी ऑफिसच्या नेटवर्कवर आणि लॉगर लॅबच्या व्हीलॅनवर, म्हणजे वेगळ्या केलेल्या नेटवर्कवर असेल तर .लोकल नाव सापडणार नाही, मग साधा डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारा सर्व्हर) किंवा मॅकवरचं आरक्षणच बरं. विंडोजची फायरवॉलही ५३५३ अडवते कधीकधी, आधी तिथे बघा.

आणि लॉगर ऑफिसच्या वायफायला जोडू नका. एससीपीआयचा थेट पोर्ट, बहुतेकांचा ५०२५, पासवर्ड विचारत नाही. जो पोचेल तो सेटिंग बदलू शकतो.

पॅनेलवाला | रविवार, संध्याकाळी ६:१०

सिरीयल नंबर ताडायचा मुद्दा पटला. मॉडबसवर *आयडीएन? नाही, पण फंक्शन ४३ ने ओळख विचारता येते, यंत्राने सोय दिली असेल तर. बऱ्याच स्वस्त मीटरांत ती नसते. मात्र एनर्जी मीटरमध्ये सिरीयल नंबर एखाद्या रजिस्टरमध्ये असतो, मॅन्युअलच्या शेवटच्या तक्त्यांत सापडतो. आजवर मी तो कधी वाचला नाही. उद्यापासून पॅनेल सोपवताना वाचून कागदावर लिहीन.

पण एक विनंती. "सिरीयल नंबर शोधा" म्हणून अख्खं नेटवर्क पिंजून काढणारा प्रोग्राम प्लांटवर चालवू नका. जुनी कंट्रोलर कार्डं अनोळखी जोडणीने लटकलेली मी पाहिली आहेत.

मोजपट्टी | रविवार, संध्याकाळी ६:४०

अगदी बरोबर. बेंचवरच्या उपकरणांतही काही एका वेळी एकच जोडणी घेतात, शोधणारा प्रोग्राम शिरला की चालू मोजमाप तुटतं. म्हणून क्रम असा असावा: आधी शेवटचा पत्ता, तिथे ओळख जुळली तर काम सुरू. नाही जुळली तर नावाने हाक. तरी नाही तर थांबा आणि माणसाला बोलवा. चौथी पायरी नको.

घणसोली_७ | रविवार, रात्री ८:००

माझी अडचण थोडी वेगळी, पण इथेच विचारतो. आमच्याकडे मल्टीमीटर तपासायचा जुना एक्झी (तयार प्रोग्राम) आहे, सोर्स नाही, लिहिणारा सापडत नाही. आत १९२.१६८.१.५० पक्का. कंपनीने नेटवर्क बदललं, आता सगळं १०.२० ने सुरू होतं. विंडोजच्या होस्ट्स फाईलमध्ये लिहून जुना पत्ता नव्याकडे वळवता येईल का?

ऐरोली_कोड | रविवार, रात्री ८:२५

नाही. होस्ट्स फाईल नावावरून आकडा सांगते. एक्झीमध्ये आधीच आकडा असेल तर तो त्या फाईलकडे बघतच नाही. नाव असतं तर एका ओळीचं काम होतं.

महापे_स्विच | रविवार, रात्री ८:४५

सर्वांत सुटसुटीत: त्या पीसीत दुसरं लॅन कार्ड घाला, दोन-तीन हजारांच्या आत काम होतं. एक छोटा स्विच घ्या, फक्त बेंचवरची उपकरणं त्यावर. दुसऱ्या कार्डाला १९२.१६८.१.१० द्या, मीटरला ५०. त्या कार्डावर गेटवेचा (बाहेर जायच्या दाराचा) रकाना रिकामा सोडा, नाहीतर पीसीचं इंटरनेट भलत्या दारातून जायला बघेल. एक्झीला जुनं जग जसंच्या तसं मिळतं आणि मीटर ऑफिसच्या नेटवर्कवरून दिसतही नाही.

विंडोजच्या नेटश या आज्ञेतल्या पोर्टप्रॉक्सीने वळवणं पण शक्य आहे, पण ते एकेका ठरावीक टीसीपी पोर्टसाठी. एक्झी व्हीएक्सआय-११ (लॅनवरून उपकरणाशी बोलायची जुनी पद्धत) वापरत असेल तर तो आधी १११ नंबरच्या पोर्टवर जाऊन पुढचा पोर्ट विचारतो, आणि तो पोर्ट दरवेळी वेगळा असू शकतो. तिथे पोर्टप्रॉक्सी उपयोगाची नाही.

खोपट_पॅथलॅब | सोमवार, सकाळी ७:५०

यूएसबीने जोडलेल्या मशीनचं पण हेच का? आमचं एक कोअ‍ॅग्युलेशनचं (रक्त गोठण्याच्या तपासणीचं) मशीन कॉम ४ वर आहे, म्हणजे विंडोजने त्या जोडणीला दिलेला नंबर ४. सफाईत केबल निघाली, शेजारच्या खाचेत लावली, आणि ते कॉम ७ झालं.

ऐरोली_कोड | सोमवार, सकाळी ८:३०

तेच. मशीन यूएसबीला जोडणाऱ्या कन्व्हर्टरच्या चिपमध्ये स्वतःचा सिरीयल नंबर असेल तर विंडोज कुठल्याही खाचेत तोच कॉम नंबर देतं. नसेल तर खाचेप्रमाणे नंबर. बदलताना सिरीयल नंबरवाला कन्व्हर्टर मागून घ्या. तोपर्यंत खाचेवर लेबल चिकटवा.

रबाळे_चेंबर | पुढचा शनिवार, रात्री ९:३०

सगळ्यांचे मनापासून आभार, आठवडाभर हेच केलं.

सोर्समध्ये १९२ तेवीस वेळा सापडलं. दोन ठिकाणी तर १०२ च्या जागी १०३ होतं, कधीच न चालणाऱ्या भागात. सगळं काढलं. आता एकच फाईल आहे आणि ती वाचणारं एकच फंक्शन. राउटरमध्ये दोन्ही मॅक आरक्षित केले. लॉगरवर एलएक्सआयची खूण आहे, .लोकल नाव लगेच सापडलं. पॅनेलवाल्यांचा कागदही केला, चेंबरच्या बाजूला प्लास्टिकच्या पाकिटात लावलाय, पण त्यात पत्त्याआधी सिरीयल नंबर लिहिलाय.

फाईलमधला सिरीयल नंबर बदलायचा अधिकार फक्त क्वालिटीच्या मॅडमना. बदलला की तारीख, जुना, नवा आणि सर्टिफिकेट क्रमांक रजिस्टरमध्ये. स्टँडबाय लॉगर लावायचा तर आधी त्यांची सही.

आज दुपारी लॅब रिकामी असताना तपासून पाहिलं. राउटर बंद करून चालू केला, लॉगर उलट्या क्रमाने चालू केले. बरोबर जुळले. मग मुद्दाम आरक्षण काढून, प्रोग्राममधला नावाने शोधायचा भाग बंद ठेवून, तेच परत केलं. १०१ वर चेंबर २ चा लॉगर आला. प्रोग्रामने सिरीयल नंबर विचारला, लाल झाला, एकही ओळ लिहिली नाही. काकू शेजारी उभ्या होत्या. त्यांनी दाराच्या रजिस्टरमध्ये वेळ लिहून पुढे "चाचणी, दार उघडलं नाही" अशी नोंद केली.

आरक्षण परत लावलंय. मोजपट्टी, एक शेवटचं विचारते: ग्राहकांना पत्र गेलं, पण त्या तीन आठवड्यांच्या मूळ फाईलींचं काय करू? नावं दुरुस्त करून ठेवू का?

मोजपट्टी | शनिवार, रात्री १०:१०

मूळ फाईलला हात लावू नका. आहे तशी ठेवा. तिची प्रत काढा, तिच्यात चेंबरचे रकाने दुरुस्त करा, आणि सोबत एक पान जोडा: काय चुकलं, कधीपासून कधीपर्यंत, कशावरून कळलं, कोणी दुरुस्त केलं. त्या पानाला दाराच्या रजिस्टरच्या त्या तीन आठवड्यांच्या पानांची झेरॉक्स लावा, काकूंच्या अक्षरातली.